दाजीसाहेबांची मोटार आणि चार पिंपं

एका जंगलात, मुलांनो, अकरा मोटारी होत्या आणि रस्ता एकच होता. तोही कुणी बांधलेला नव्हता. गव्यांचा कळप वर्षानुवर्षं त्याच वाटेनं नदीवर जात असे, म्हणून तो आपोआप पडला होता.

मोटारींना पेट्रोल कुठून मिळे, असं विचारू नका. बोधकथेत पेट्रोलचं विचारत नाहीत. गपचूप ऐका.

या मोटारी साध्यासुध्या नव्हत्या. गोरा साहेब जंगल सोडून गेला, तेव्हा जाताना त्या मागे ठेवून गेला होता. एकेक मोटार आपल्या वर्गखोलीएवढी लांब. आत मखमली गाद्या, खिडक्यांना रेशमी पडदे, मागच्या सीटवर पानाचा डबा ठेवायला वेगळा कप्पा. सिंहमहाराज, वाघोबा, बिबटेराव, तरस अशी बडी मंडळी त्यांची मालक होती. नदीकाठही याच मंडळींना वाटून दिलेला होता. बाकीचे म्हणजे ससे, भेकरं, घोरपडी वगैरे वरच्या माळावर राहत. माळावर हवा फार चांगली होती. पाणी नव्हतं.

मोटारी वर्षभर गवताच्या छपराखाली उभ्या असत आणि दसऱ्याला बाहेर निघत. त्या दिवशी त्यांना आंघोळ घालायची, झेंडूच्या माळा घालायच्या, चाकाखाली लिंबू ठेवायचं. मग रानडुकरांनी मागून ढकलत त्यांची मिरवणूक काढायची. चालू कुणी करत नसे, कारण चालू होतील याची खात्री एकाला सोडून कुणालाच नव्हती.

मिरवणुकीत पुढे कुणाची मोटार, यावरून पूर्वी रक्तपात होत असे. म्हणून एक नियम केला होता. ज्याच्या मोटारीचं बूड लांब, त्याचा मान पुढे. मोजायला अजगराला शेजारी आडवं झोपवत. पहिला मान सिंहमहाराजांचा होता. त्यांची मोटार मोजताना अजगर थोडा आखडून घेत असे, पण ते सोडून द्या. दुसरा मान दाजीसाहेबांचा.

दाजीसाहेब म्हणजे एक म्हातारं अस्वल. स्वभावानं भोळं, मधाचं वेडं. त्यांची मोटार चॉकलेटी रंगाची होती आणि तिच्या नाकावर चांदीचा बगळा होता. अकरा मालकांत दाजीसाहेब एकटेच असे होते की दर रविवारी इंजिन चालू करायचे, पाच मिनिटं डोळे मिटून आवाज ऐकायचे आणि बंद करायचे. यापलीकडे तेही मोटारीचं काही करत नसत.

आता सगुणा गाढवीण. ही नदीवरून घागरी भरायची आणि पाठीवर लादून माळावर न्यायची. दिवसातून चार खेपा. हे काम तिला कुणी दिलं होतं? कुणीच नाही. ती एकदा नेऊ लागली आणि मग सगळ्यांनी ते तिचंच धरलं. असं तुमच्याही घरात कुणाच्या तरी बाबतीत झालं असेल, जरा आठवून बघा.

एका चैत्रात सगुणा दाजीसाहेबांच्या फाटकासमोर बसली ती उठेचना. दाजीसाहेब बाहेर आले. त्यांनी तिची पाठ पाहिली. घागरींनी घासून दोन्ही बाजूंची कातडी गेली होती. दाजीसाहेबांना फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त लाज वाटली, कारण ती रोज त्याच फाटकावरून जात होती.

"दाजीसाहेब, मला जरा उठवून उभं करा," सगुणा म्हणाली. "वर भेकरीण बाळंत झालीया. दोन दिसांचं पाडस हाय. पाण्याबिगर दूध कुठनं यील तिला?"

दाजीसाहेबांनी आधी घागरी मोटारीतच ठेवून पाहिल्या. मखमलीवर घागर उभी राहीना. तीन लवंडल्या, पानाच्या डब्याचा कप्पा पाण्यानं भरला आणि माळावर पोचलं ते कसंबसं ओंजळभर. तेव्हा त्यांनी साळिंदर मिस्त्रीला बोलावलं.

मिस्त्रीनं मोटारीभोवती तीन चकरा मारल्या. खाली वाकून चासी बघितली, पत्रा वाजवून पाहिला. तो म्हणाला की चासी बैलासारखी आहे, चार पिंपं पाण्याची सहज ओढेल. पण मागचं टप, दारं, गादी, सगळं कापून काढावं लागेल आणि तिथं उघडा हौदा करून मागं फाळका लावावा लागेल.

"पुन्हा जोडता येईल?" दाजीसाहेबांनी विचारलं.

"नाही जमायचं, दाजी. आणि दसऱ्याचा मान जाईल तो वेगळाच. मी आधीच सांगतो, मागनं मला बोल लावू नका."

दाजीसाहेब बराच वेळ मोटारीच्या नाकावरच्या बगळ्याकडे बघत राहिले. त्यांचे आजोबा त्या मागच्या गादीवर बसून साऱ्या जंगलाला हात हलवत असत. दाजीसाहेबांना तो हात अजून दिसे.

"कापा," ते म्हणाले आणि नदीकडे तोंड करून बसले. कापायचा आवाज थांबेपर्यंत त्यांनी मान वळवली नाही.

तसा उन्हाळा माळावरच्या लोकांनी जन्मात पाहिला नव्हता. रोज सकाळी चॉकलेटी मोटार चार पिंपं घेऊन हलत-डुलत वर येई. गाडी दाजीसाहेब चालवत आणि शेजारी पुढच्या सीटवर सगुणा बसे. तिला खिडकीतून बाहेर बघायला फार आवडायचं. भेकरिणीला दूध आलं, पाडस तुरुतुरु पळायला लागलं. सगुणाच्या पाठीवर नवी लव आली.

नदीकाठी मात्र हलकल्लोळ माजला. वाघोबा म्हणाले की ही वारशाची विटंबना आहे. बिबटेरावांना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. तरस तर रडले म्हणे, पण ते नेहमीच हसल्यासारखे रडतात, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. दसऱ्याला अजगरानं मोजायलाच नकार दिला. दाजीसाहेबांना मिरवणुकीत सर्वांच्या मागे, ढकलणाऱ्या डुकरांच्याही मागे चालायला सांगितलं. ते चालले. मोटार आणली नव्हती, कारण सकाळची खेप करून ती पिंपांसकट माळावर उभी होती.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण थंडी पडली आणि समुद्रापलीकडून फ्लेमिंगो आला.

फ्लेमिंगोला मराठीत रोहित म्हणतात, पण तसं म्हटलेलं त्याला आवडत नसे. तो दरवर्षी यायचा, एका पायावर उभा राहायचा आणि मत द्यायचा. जंगलाला स्वतःची मतं होती, पण ती गावठी वाटत.

फ्लेमिंगोनं चिखलानं माखलेली, पिंपांनी भरलेली दाजीसाहेबांची मोटार पाहिली आणि दुसराही पाय खाली टेकवला. असं आधी कधी झालं नव्हतं.

"हे कोणी केलं?" तो म्हणाला. "पलीकडे सध्या सगळे थोर लोक हेच करतात, पिकप म्हणतात याला. तुमच्याकडे हे आधीच आहे?"

झालं. संध्याकाळपर्यंत मिस्त्रीच्या दारात रांग लागली. सर्वांत पुढे वाघोबा होते आणि त्यांना आधीपासूनच ही कल्पना आवडली होती. होळीपर्यंत दहाच्या दहा मोटारी कापून झाल्या. हौद्याला कुणी सागवान लावलं, कुणी पितळेच्या पट्ट्या. सिंहमहाराजांनी हौद्यात गालिचा अंथरला. मानाचा नियमही बदलला. आता ज्याचं बूड आखूड, त्याचा मान पुढे. अजगर आखडून घेण्याऐवजी ताणून झोपायला लागला. तरसांनी ईर्षेला पेटून इतकं कापून घेतलं, की मागची चाकंही गेली. त्यांची मोटार तेव्हापासून नाक वर करून बसलेली आहे.

मिस्त्रीच्या घरामागे कापलेल्या टपांचा, दारांचा आणि मखमली गाद्यांचा ढीग पडला. त्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

मग एके दिवशी सिंहमहाराज स्वतः दाजीसाहेबांच्या फाटकाशी आले. बरोबर आठ रानडुकरं होती. महाराजांनी दाजीसाहेबांना मिठी मारली, त्यांना द्रष्टे म्हणाले, आणि डुकरांना पिंपं खाली उतरवायची खूण केली.

"दाजी, ही आता एकट्या तुमची राहिली नाही," महाराज म्हणाले. "ही साऱ्या जंगलाची ठेव आहे. राजवाड्यात काचेचं दालन केलंय. तिथं राहील."

"आणि माळावर पाणी?"

"पाण्याचं बघू. आधी हिला सावलीत लावू द्या."

दाजीसाहेब खूप बोलले. पण ते जितकं बोलत, तितकी मंडळी टाळ्या वाजवत, कारण आता ते द्रष्टे होते आणि द्रष्ट्याचं कुणी ऐकत नसतं, फक्त कौतुक करतात. मोटार गेली. काचेच्या दालनात तिच्या हौद्यात चार नवी कोरी पिंपं मांडली. प्रदर्शनाला शोभा म्हणून. रिकामीच, कारण वजनानं फाळका वाकला असता.

पुन्हा चैत्र आला. सगुणानं पुन्हा पाठीवर घागरी चढवल्या. पहिल्याच आठवड्यात जुन्या जागी कातडी फाटली.

ती नदीकाठच्या एकेका बंगल्यावर गेली. म्हणाली, दिवसातून एक खेप, फक्त एक. वाघोबा म्हणाले की सागवानाला पाणी लागतं. बिबटेरावांनी तिला पितळेच्या पट्ट्या दाखवल्या आणि हात लावू नकोस म्हणाले. सिंहमहाराजांच्या राणीनं तर तिला समजावून सांगितलं की पिकपमध्ये सामान ठेवणं हे आता जुनाट मानतात.

त्या आठवड्यात माळावरची दोन म्हाताऱ्या घोरपडी गेल्या. भेकरिणीचं पाडस आता वर्षाचं होतं. ते उभं राहत होतं, पण पळत नव्हतं. सगुणानं ते पाहिलं आणि ती सरळ मिस्त्रीच्या घरी जाऊन घरामागच्या ढिगासमोर बसली. दाजीसाहेब आधीच तिथं होते. ते कुणाच्या तरी गादीवर बसून आपल्या मोटारीचं दार शोधत होते.

"मिस्त्री," सगुणा म्हणाली, "यातलं कोनतं लागंल तुमाला?"

"मला? मला यातलं काहीच नको. उलट जागा अडलीय माझी."

मग तिघांनी मिळून काम केलं. सिंहमहाराजांच्या मोटारीचं अख्खं मागचं अंग घेतलं, टप उलटं करून खाली ठेवलं. त्या मोटारी इतक्या बड्या की प्रत्येकीला दोन-दोन स्टेपन्या होत्या, त्याही ढिगात होत्या. त्यातली दोन चाकं लावली. बाभळीचा आस केला, पुढे दोन दांड्या. टपात पाणी ठेवायचं आणि दांड्यांमध्ये सगुणानं उभं राहायचं. जूही मिस्त्रीनं गादीच्या मखमलीचं केलं, म्हणजे तिच्या खांद्याला लागू नये. चढाला मागून दाजीसाहेब ढकलत. चार पिंपांचं पाणी एका खेपेत वर जाऊ लागलं.

गाडी दिसायला फार सुंदर झाली होती, मुलांनो. हे मी मुद्दाम सांगतो. लालभडक टपाचा डौलदार बाक, त्यात हलणारं पाणी, चाकांना रुपेरी तबकड्या. ससे ती आली की नुसते बघत बसत. सगुणा त्या गाडीला जुंपलेली असताना मान वर करून चालायची.

दसऱ्याला तरसांची मोटार सोडून दहा पिकप ढकलत मिरवले गेले. काचेच्या दालनातून काढलेली दाजीसाहेबांची मोटार सर्वांत पुढे होती. दाजीसाहेबांनाही बोलावणं होतं, पण ते मिस्त्रीच्या घरामागे बसून गाडीला झेंडूची माळ घालत होते.

आणि मग थंडी पडली.

फ्लेमिंगो उतरला तेव्हा सगुणा भरलं टप ओढत आणि दाजीसाहेब मागून ढकलत वाटेवरच होते. तो थबकला. त्याचा दुसरा पाय हळूहळू खाली येऊ लागला.

सगुणा अडाणी होती, पण तिनं तो पाय गेल्या वर्षी पाहिला होता.

ती पुढचं काही ऐकायला थांबली नाही. पाय पूर्ण टेकायच्या आत तिनं गाडी वाटेशेजारच्या गव्यांच्या डबक्यात घातली. पाणी सांडलं ते सांडलं. ती त्या शेणामातीत गाडीसकट लोळली. दाजीसाहेबांना क्षणभर कळेना, मग कळलं, आणि त्यांनी दोन्ही पंजांनी शेण उचलून टपाला थापायला सुरुवात केली. लाल रंग गेला. तबकड्या गेल्या. मखमल गेली. म्हातारं अस्वल रडत होतं आणि थापत होतं.

बातमी ऐकून महाराज, वाघोबा, बिबटेराव सगळे धावत आले. त्यांनी गाडी पाहिली, नाकं धरली आणि फ्लेमिंगोकडे पाहिलं.

"नाही," फ्लेमिंगो एक पाय पोटाशी घेत म्हणाला. "काहीतरी वेगळं वाटलं होतं मला."

मंडळी परत गेली. सगुणानं नदीवर जाऊन टप पुन्हा भरलं. आतून मात्र तिनं ते स्वच्छ घासून घेतलं होतं.

ती गाडी अजून चालते. दर आठ दिवसांनी दाजीसाहेब तिला बाहेरून नव्यानं शेण थापतात. माळावर पाणी आहे, आणि जंगलात ते कसं जातं हे कुणी विचारत नाही.

तात्पर्य : मुलांनो, एखादी वस्तू खरोखर उपयोगाची असेल, तर ती होता होईल तो घाण ठेवावी. मोडलेली वस्तू दुरुस्त करता येते, चोरीला गेलेली कधीमधी परत मिळते. पण थोरामोठ्यांना आवडलेली वस्तू कुणालाही परत मिळालेली नाही.