वाळवणभंग आणि बापलेकांची कुरडई मोहीम

शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरे, वैशाख वद्य पक्षी, पुणे शहर, पेठ सदाशिव येथील 'मंगलधाम' नामे चार मजली इमारतीत जो बाका प्रसंग गुदरला आणि त्यातून जी मोहीम उभी राहून फत्ते पावली, तिची हकीकत येथे खरी खरी लिहिली आहे. ऐकीव घातली नाही. जे घातले ते जिन्यात उभे राहून, खिडकीत बसून आणि विरजण मागण्याच्या निमित्ताने चार घरी जाऊन पडताळले आहे.

तळमजल्याच्या अधिपती श्रीमंत विमलाबाई. वय पाऊणशे, संधिवाताने बोटे वाकडी, जीभ मात्र सरळ. त्यांची नात चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी अपेक्षा हिचा विवाह ज्येष्ठात ठरला होता, आणि रुखवत, म्हणजे वधूपक्षाने लग्नात मांडावयाचा हातच्या पदार्थांचा सरंजाम, त्यात घरच्या कुरडया असाव्यात हा त्या घराण्याचा दस्तूर. सोऱ्या दाबून दाबून बोटे सुजत, म्हणून डॉक्टरांनी ताकीद दिली की यापुढे सोऱ्याला हात लावू नये. तेव्हा विमलाबाईंनी हे अखेरचे म्हणून गहू भिजवले, चीक शिजवला आणि कुरडया घातल्या. गच्ची सौरऊर्जेच्या तावदानांनी काबीज केलेली, म्हणून अंगणात खाट टाकून, वर धुतलेले लुगडे अंथरून वाळवणाचा तळ दिला.

मग दुपार झाली. तो प्रहर या शहरात पवित्र. त्या वेळी दार वाजवणारा पाहुणा असो की पोस्टमन, त्याची गणना शत्रूत होते. अवघी इमारत निद्रिस्त असता तिसऱ्या मजल्याचे युवराज सलिल, वय वर्षे सतरा, परवाना नास्ति, यांनी तीर्थरूपांच्या स्कूटरची किल्ली खुंटीवरून उचलली आणि आइस्क्रीम घातलेल्या दुधाची मस्तानी आणण्यास प्रयाण केले. येताना मस्तानीची पिशवी हँडलला, एक हात गाडीला, दुसरा हात कानाच्या मोबाइलला, अशा थाटात स्वारी फाटकातून आत शिरली आणि थेट खाटेवर चालून गेली. खाटेचा पाय मोडला, लुगडे चाकात गुंतले, आणि जी कुरडई चाकातून वाचली ती मस्तानीत बुडाली.

विमलाबाई बाहेर आल्या. मोडक्या खाटेशी बसून वाकड्या बोटांनी अखंड कुरडया निवडू लागल्या. ओंजळ भरली नाही. युवराज शेजारी उभे राहून ते पाहत होते.

तोंड उघडले ते त्यांच्या तीर्थरूपांनी. श्रीधरपंतांची पुत्ररक्षणाची कीर्ती जुनी. शाळेची काच फुटली तेव्हा काच निकृष्ट ठरली होती. गणितात नापास झाले तेव्हा प्रश्नपत्रिका. आता त्यांनी खाली येताच कैफियत मांडली की गाडी रखवालदार शंभूने हलवली असावी. त्यावर कोणीतरी सांगितले की शंभू कालपासून मांजरी गावी मेहुण्याच्या वास्तुशांतीला गेला आहे. मग श्रीधरपंत म्हणाले की अंगणात उतारही फार आहे.

संध्याकाळी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांचा दरबार भरला. मध्यभागी अध्यक्ष बद्रीनाथराव, जे कोणाचेही मन दुखवीत नसत आणि त्यामुळे सर्वांनाच दुखवीत. उजवीकडे निवृत्त हवालदार सर्जेराव.

"पोरगं माझ्या ताब्यात द्या," सर्जेरावांनी अर्ज गुदरला. "दोन दिवसांत सरळ करतो."

"हात लावून बघा!" युवराजांच्या मातोश्री वासंतीबाई गरजल्या.

"मूल आहे हो ते," श्रीधरपंत म्हणाले. "त्याच्या करिअरचा प्रश्न आहे."

"मूल? मिशा फुटल्यात त्याला," विमलाबाई म्हणाल्या. "आणि कुरडईवरून कोणाचं करिअर गेल्याचं मी तरी ऐकलं नाही."

मग मतांचा गहजब उडाला. कोणी म्हणे कायदाच मऊ झाला, कोणी म्हणे आईबापांना आत टाका, आणि आमच्या वेळी असे नव्हते हे तर प्रत्येक जण म्हणे. त्याविषयी साक्ष द्यायची तर, त्या वेळी या गल्लीत ज्या काकूला गुन्हेगार आधी सापडे ती कान पिळी, आणि घरी पोचल्यावर आई काही न विचारता दुसरा हप्ता देई. न्याय गरमागरम मिळे. फक्त कधीकधी पोर चुकीचे सापडे, आणि दिलेला मार परत घेण्याची सोय नव्हती. तरी त्या आया संध्याकाळी पदर सावरून शेजारच्या दारात येत आणि म्हणत, "आमच्या दिवट्याने तुमचं नुकसान केलं, चूक आमची." ते वाक्य अलीकडे या पेठेत ऐकू येईनासे झाले आहे.

अखेर बद्रीनाथरावांनी निवाडा दिला की सलिल याने इमारतीच्या ग्रुपवर माफी मागावी, श्रीधरपंतांनी बाजारातून कुरडया आणून द्याव्यात, आणि उभयपक्षी कटुता राहू नये. तत्क्षणी युवराजांनी अंगठा चालवला आणि सर्वांच्या मोबाइलवर 'सॉरी ऑल' असे दोन शब्द हात जोडलेल्या चित्रासह येऊन पोचले.

विमलाबाईंनी चष्मा लावून ते वाचले. मग म्हणाल्या, "बद्रीनाथराव, ग्रुपवरचं सॉरी तळता येत नाही."

आणि विमलाबाईंचे फर्मान सुटले ते असे: नातीच्या रुखवतात विकतची कुरडई मांडली जाणार नाही. गुन्हा घडला तो दोघांकडून. एकाने गाडी घातली आणि दुसऱ्याने किल्ली हाताला येईल अशी टांगली. सबब बापलेकांनी मिळून गहू भिजवण्यापासून कुरडया कराव्यात, आपण खुर्ची टाकून शेजारी बसू. वासंतीबाई लगबगीने पुढे झाल्या, "मावशी, मीच देते करून." त्यावर उपकलम निघाले की मातोश्रींनी चमच्यालाही हात लावू नये, पोराच्या शिक्षा आईने भोगायच्या, हा कायदा या शहरात फार दिवस चालला.

गहू भिजले. आणि श्रीधरपंतांना प्रथमच कळले की भिजल्या गव्हाचे पाणी रोज बदलायचे असते, आणि बदलले तरी त्याला वास येतो. त्या वासाने तिसरा मजला हैराण झाला. शिवाय युवराजांचा क्लास, युवराजांचे कोवळे तळवे. पंतांचे पितृहृदय कळवळले आणि त्यांनी गुप्त मसलत केली. बुधवार पेठेत जाऊन विकतच्या कुरडया आणल्या, आणि नेमल्या सकाळी उजाडताच अंगणात चादर पसरून त्या ओळीने मांडल्या. ताज्या दिसाव्यात म्हणून वर पाणीही शिंपडले.

विमलाबाई खुर्चीवर येऊन बसल्या. कुरडया पाहिल्या. सर्व एका मापाच्या, जणू पलटणच. त्यांनी एक उचलली, आणि ती चादरीवरून सहज सुटली, जे नुकतीच घातलेली कुरडई कधी करीत नाही.

"श्रीधरपंत, चीक किती वेळ घाटलात?"

"चीक ना? तो आपला... मिक्सरमध्येच."

"शिजवलात की नाही?"

"थोडा. चवीपुरता."

विमलाबाई काही बोलणार, एवढ्यात मागून आवाज आला. "आजी, या विकतच्या आहेत." युवराज जिन्यात उभे होते. "काल बाबांनी आणल्या. ते गहू टाकून देणार होते. मी टाकू दिले नाहीत. बाल्कनीत आहेत, पाणी मीच बदलतोय."

"सलिल!" श्रीधरपंत म्हणाले. "अरे, मी तुझ्यासाठीच..."

"माहितीये बाबा. प्रत्येक वेळी तुम्ही मध्ये येता. काच मीच फोडली होती, आणि पेपरही सोपा होता." युवराज दोन पायऱ्या खाली उतरले. "आजी त्या दिवशी तुकड्यांतून कुरडया वेचत होत्या ना, ते मला रोज दिसतं. मला एकदा तरी पूर्ण शिक्षा होऊ द्या. प्लीज."

असा स्वपक्षाकडूनच पराभव झाल्यावर पंतांनी विकतच्या कुरडया चादरीसकट गोळा करून बाजूला ठेवल्या. मग विमलाबाईंपुढे आले, आणि खाली मान घालून म्हणाले, "चूक आमची." विमलाबाईंनी त्यांना शेजारची खुर्ची दिली नाही, पातेले दिले.

तेथून मोहिमेस खरा आरंभ झाला. त्या दिवशी गहू वाटले, फडक्यातून गाळले, चीक रात्रभर निवळत ठेवला. दुसऱ्या सकाळी सर्व वाहने फाटकाबाहेर काढण्याचा हुकूम झाला, आणि फाटकावर सर्जेराव काठी घेऊन उभे राहिले, कारण त्यांच्या काठीला काही काम देणे भाग होते. आधणात मीठ आणि हिंग पडले, चीक पडला, आणि विमलाबाईंनी ताकीद दिली की हात थांबला की गुठळी झाली. पंत घाटीत होते, घामाने चष्मा घसरत होता, आणि युवराज गरम सोऱ्या दाबीत होते. पहिल्या कुरडया कोणत्याही भूमितीत बसत नव्हत्या. एक तर हुबेहूब गुजरातच्या नकाशासारखी. दुपारी हात बदलले. बापाच्या तळव्याला फोड आले, लेकाच्याही आले, आणि वासंतीबाई वरच्या खिडकीतून डोळे पुशीत होत्या, परंतु फर्मानाच्या धाकाने खाली उतरल्या नाहीत.

ज्येष्ठात लग्न लागले. रुखवतात कुरडया मांडल्या. वराच्या आत्याबाईंनी भुवया उंचावून विचारले की या इतक्या वाकड्या कोणी केल्या, आणि अपेक्षा मुंडावळ्या सावरत म्हणाली, "आमच्या बिल्डिंगमधल्या गुन्हेगारांनी." पंगतीत त्याच तळून आल्या, कढईत साऱ्या सारख्याच फुलल्या होत्या, आणि आत्याबाईंनी दोनदा मागून घेतल्या. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. ती तारीख, ते ऊन आणि ते फोड पडताळून कागदावर ठेवले आहेत.

पुढे कोणाचे काय झाले तेही लिहितो. अपेक्षा सासरी बंगळूरास गेली, उरलेल्या कुरडया डब्यात घेऊन. शंभू मांजरीहून परतला, आणि आपण गैरहजेरीत गाडी चालवली होती हे ऐकून महिनाभर हसत होता. बद्रीनाथराव पुन्हा अध्यक्ष झाले. त्यांच्याविरुद्ध कोणी उभे राहीना. सर्जेरावांनी अंगणात उन्हाळी वाळवणाचा कायमचा पहारा पत्करला. युवराजांना अठराव्या वर्षी रीतसर परवाना मिळाला, आणि ते गाडी इतकी हळू हाकतात की मागचे रिक्षावाले त्यांचा उद्धार करतात. वासंतीबाईंना एक दिवस घरात काही काम करू न दिल्याचा अनुभव आवडला, आणि त्यांनी तो दर रविवारी चालू ठेवला. श्रीधरपंत सभांतून आजकालच्या पालकांवर बोलत, ते बोलणे त्यांनी सोडले. विमलाबाईंची बोटे आता मिटतही नाहीत. वैशाख आला की त्या अंगणात खुर्ची टाकून बसतात, बापलेक सोऱ्या घेऊन खाली येतात, आणि त्या प्रत्येक कुरडईत खोड काढतात.