कमरदोरातील अनधिकृत फेरफाराबाबत

झाडावर चढणं हा निसर्गाचा विषय आहे, झाडावरून उतरणं मात्र प्रशासनाचा. आमच्या उद्यान विभागाने हे सत्य फार पूर्वी ओळखलं. म्हणूनच आमच्याकडे झाडावर चढणाऱ्या माणसाची एक जागा मंजूर आहे आणि त्याच्या चढण्या-उतरण्याची नोंद ठेवणाऱ्यांच्या चार. (त्यांतला एक मी. आवक-जावक लिपिक, सेवा एकवीस वर्षं. विभाग कोणत्या शहराचा ते सांगत नाही. अमरावती आणि अकोला या दोन्हींकडे बोट दाखवायची सोय राहते.)

चढणारा माणूस म्हणजे वलगावचा कुंदन. तारांना लागणाऱ्या फांद्या, शाळेच्या छपरावर झुकलेल्या फांद्या, नागरिकांच्या मते विनाकारण वाढलेल्या फांद्या, सगळ्या तोच छाटतो. दोन वर्षांपूर्वी त्याला नवीन साहित्य मिळालं: एक हेल्मेट, कमरेचा रुंद पट्टा आणि एक कमरदोर. कमरदोर पट्ट्याच्या एका कडीतून निघतो, खोडाला वळसा घालतो आणि दुसऱ्या कडीत अडकतो. दोन्ही हात करवतीवर असताना माणसाला झाडाशी धरून ठेवणारी ही एकच वस्तू. लांबी दोन मीटर, कायम. झाडांनी आपली जाडी त्या बेताने ठेवावी अशी अपेक्षा होती, पण झाडांपर्यंत ते परिपत्रक पोचलेलं दिसत नाही.

जुन्या शिरीषाला दोर पुरेना. बारीक लिंबावर तो इतका सैल पडे की कुंदन खोडापासून हातभर मागे झुले. मग तो दोराला गाठी मारी. तीन गाठी, कधी चार, आणि उरलेला दोर गुडघ्याशी लोंबे. एका दुपारी अशीच एक गाठ फांदीच्या बेचक्यात अडकली. छाटलेली फांदी फिरून अंगावर आली, कुंदनला बाजूला होता येईना. निभावलं. फक्त कोपर सोलून निघालं.

घरी दामिनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, ते पाहिलं.

"कोपराले काय झालं?"

"काई नाई वं, घासलं."

"घासलं का मरता मरता वाचले?" तिने दोर हातात घेतला. "हा दोर हाय का जटा? आना इकडे."

दामिनीचं माहेर बाळापूरचं. तिचे वडील ताडपत्र्या शिवायचे, तीच मोठी मशीन तिच्याकडे आली आहे. सरकणारी एक गाठ कुंदनने मोबाइलवर पाहून ठेवली होती, बाकी अक्कल तिची. त्याच जाडीचा चार मीटरचा नवा दोर विकत घेतला. त्यावर एका बारीक, मजबूत दोरीचे पाच वेढे बसवले आणि ती बारीक दोरी पट्ट्याच्या कडीला जोडली. वेढे हाताने ढकलले की सरकतात, अंगाचं वजन पडलं की दोराला चावून बसतात. झाड जाड असेल तर दोर सोडायचा, बारीक असेल तर ओढायचा. दोराच्या टोकाला जाड गाठ मारली, म्हणजे तो वेढ्यांतून निसटायला नको. उरलेला दोर कमरेला शिवलेल्या छोट्या पिशवीत.

आठ दिवस घरामागच्या बाभळीवर जमिनीपासून दोन फुटांवर चाचणी झाली. कुंदन, दामिनीची जाऊ आणि तुरीचं एक पोतं एवढं वजन दोराने एका वेळी सोसलं. (जाऊबाईंचं वजन कळवण्यास त्यांनी नकार दिला.) मगच कुंदन तो घेऊन कामावर आला.

सात महिने काही बिघडलं नाही. असं चाललं की कार्यालयाला काळजी वाटू लागते. वार्षिक साठा-तपासणीत भांडारपाल गोपाल यांनी दोर मोजला आणि तो दोन मीटर जास्त भरला. कमी भरला असता तर एका पंचनाम्यात भागलं असतं. जास्त भरला, म्हणजे कोणीतरी कार्यालयाला काहीतरी दिलं होतं. या प्रकारासाठी आमच्याकडे अर्जाचा नमुनाच नाही.

दोर जप्त झाला. कपाटाला सील लागलं. 'शासकीय साहित्यात अनधिकृत फेरफार करून ते उपयोगी केल्याबद्दल सेवेतून कमी का करू नये' अशी नोटीस मी स्वतः लिहिली. मी आजवर लिहिलेल्या नोटिसांत ती सर्वांत सुबक. कुंदनने उत्तर दिलं, "झाड जाड होतं म्हून दोर लांबवला." झाडाच्या जाडीचा दाखला सोबत नसल्याने ते फेटाळण्यात आलं.

मग चौकशी समिती. तिघे सदस्य. त्यांपैकी एक लहानपणी गुलमोहरावरून पडले होते, त्यामुळे ते तज्ज्ञ. समितीला असं आढळलं की सात महिन्यांत कुंदन ३१२ वेळा चढला आणि ३१२ वेळाच उतरला. आकडे इतके तंतोतंत जुळल्याबद्दल समितीने संशय व्यक्त केला.

आमचे उद्यान अधीक्षक उत्तमराव साहेब मात्र न्यायी माणूस. माणसाची नोकरी घेण्याआधी मूळ दोरात खरंच दोष आहे का, हे आपण स्वतः पाहू म्हणाले. कार्यालयाच्या आवारातल्या लिंबाला शिडी लावली. कुंदन हजर होता. दामिनीलाही 'फेरफार करणारी व्यक्ती' म्हणून जबाबाला बोलावलं होतं. साहेब भांडारातला दुसरा पट्टा बांधून दहा फूट चढले, कुंदनने घरून आणलेला दोन मीटरचा मूळ दोर खोडाभोवती घालून अडकवला आणि विश्वासाने मागे रेलले.

दोर सैल होता. साहेब मागे गेले, आणि मग आणखी मागे गेले. पाय सुटले. शिडी धरणारे गोपाल नेमके फोटो काढत होते. शिडी आडवी झाली आणि तिच्या चार पायऱ्या तुटल्या. दोर एका खुंटीवर अडकला आणि साहेब पोट आभाळाकडे करून लटकले.

"गोपालभाऊ, कपाट उघडा! माहा दोर द्या!" कुंदन ओरडला.

"जप्त वस्तूला लेखी परवानगी लागते," मी म्हणालो.

"अहो, द्या ना त्याले!" वरून साहेब.

"साहेब, तोंडी आदेश ग्राह्य धरू नयेत, हे आपलंच परिपत्रक."

मी लिहायला बसलो. दामिनी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"भाऊ, मानूस लटकून राहिला आन् तुमी मायना लिहून राहिले?"

"मायना झाला बाई. विषय लिहितोय."

परवानगी फांद्या ओढायच्या बांबूला बांधून वर दिली, सोबत पेन. साहेबांनी लटकत्या अवस्थेत सही केली. ती नमुना सहीशी जुळत नव्हती, पण माणुसकी म्हणून मी दुर्लक्ष केलं.

कुंदन मिनिटभरात वर होता. एका हाताने वेढे सरकवले, दोर खोडाशी आवळला, आणि त्याचे दोन्ही हात मोकळे झाले. "खाली पाहू नका साहेब. माह्या खांद्यावर पाय ठेवा. हळू. घाई नाई आपल्याले." साहेबांना त्याने लहान लेकरासारखं उतरवलं. खाली आल्यावर साहेबांनी बराच वेळ त्याचा हात सोडला नाही. मग त्या पिशवीवरून बोट फिरवत म्हणाले, "तुह्या बायकोनं शिवलं का हे? चांगलं हाय."

नोटीस त्याच दिवशी रद्द झाली. समितीने नवा दोर 'आदर्श नमुना' ठरवला. आदर्श नमुना खराब होऊ नये म्हणून तो साहेबांच्या केबिनमध्ये काचेच्या पेटीत ठेवला आहे. कुंदनला दोन मीटरचा मूळ दोर सन्मानपूर्वक परत देण्यात आला.

दामिनीने त्याच आठवड्यात दुसरा शिवला. गोपाल आता दोर मोजतात तेव्हा दोन मीटरवर थांबतात.

आमच्या कार्यालयाला तुम्ही हसला असाल. हसा. अहवाल पूर्ण करायला फक्त एक माहिती हवी आहे. मागच्या उन्हाळ्यात कुंदन तुमच्या फाटकाजवळचं झाड छाटायला आला होता. खाली उभं राहून तुम्ही "ती वरची पण घे रे जरा" म्हणालात. तेव्हा तो कशाने बांधलेला होता?

आठवत नसेल तर रकाना कोरा सोडा. झाडाखालची गाडी तुम्ही वेळेवर हलवली होती, याची नोंद आमच्याकडे आहे.