पुठ्ठ्याचं सुरक्षा भवन

या इमारतीत चूक राहणं शक्यच नाही, असं वास्तुकार बाईंनी घरीदारी सगळ्यांना सांगून टाकलं होतं. मंडळी, चूक व्हायला कुणीतरी एकट्याने काही ठरवावं लागतं, आणि इथे एकट्याने कुणी काही ठरवलेलंच नव्हतं. अग्निशमन दल, पोलीस आणि रुग्णवाहिका यांना एका छपराखाली आणणारं सुरक्षा भवन बांधायचं होतं. ते नुसतं कागदावर न आखता एका रिकाम्या गोदामात, पुठ्ठ्याच्या भिंती उभारून, खऱ्या मापाचं रचलं होतं. पुढे जे तिथे राबणार तेच येऊन भिंती सरकवत. जवानांना झोपायची खोली बंबाजवळ हवी? उचला भिंत. पोलिसांना कोठडी दारापासून लांब हवी? ढकला. बंब मात्र पुठ्ठ्यात बसेना, म्हणून तो जमिनीवर खडूने काढला होता.

"याला चाकं का नाहीत?" बाईंच्या यजमानांनी विचारलं होतं. ते जुन्या अग्निशमन केंद्रात खरा बंब चालवत.

"अहो, वरून पाहिल्यावर चाकं दिसतात का?"

"बरं. म्हणजे वरून पाहणाऱ्यांसाठी बांधताय तर."

बाईंनी ते हसण्यावारी नेलं. जुन्या केंद्राचं छत मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. गेल्या वर्षी यजमानांच्या उशीवर परातीएवढा गिलावा पडला. ते तेव्हा आग विझवायला गेले होते म्हणून वाचले. आगीने वाचवलेला जवान, असं ते स्वतःच सांगत आणि पोट धरून हसत. ते रात्रपाळीला गेले की बाईंचा मात्र डोळ्याला डोळा लागत नसे. समितीने होकार दिला की ते धड छताखाली झोपणार, एवढ्या एका आशेवर बाईंनी वर्षभर डोक्यावरून पुठ्ठा वाहिला होता.

समिती पाहणीला आली. बाईंच्या साहेबांना सगळे एकमतराव म्हणत, कारण सर्वांचं मत घेतल्याशिवाय ते खिडकीसुद्धा उघडत नसत. त्यांनी सगळ्यांना बजावलं, "आज प्रत्येकाने आपापलं काम करून दाखवायचं. काहीही झालं तरी भूमिका सोडायची नाही. खेळ मोडला की इमारत खोटी वाटते."

सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त केंद्राच्या स्वयंपाकीण मावशींची मान हलली नाही. पुठ्ठ्याच्या ओट्यावर रिकाम्या पातेल्यातून रिकाम्या कपात चहा ओतून त्यांचा जीव विटला होता. मोठी माणसं यायची आणि त्यांना हवा पाजायची, हे काही त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी घरून विजेची शेगडी आणली आणि गुपचूप पाणी ठेवलं. तेवढ्यात एकमतरावांनी दाराच्या रंगासाठी मतदान पुकारलं. एक मत कमी पडतं म्हणून मावशींना हाताला धरून नेलं. शेगडी राहिली मागे, ओटा राहिला पुठ्ठ्याचा.

इकडे समितीच्या अध्यक्षांना कोठडीत बसून पाहायची हौस आली. हवालदाराने त्यांना आत घातलं आणि सुतळीची कडी लावली.

"हवालदार, धूर येतोय."

"येणारच. आत गेलं की प्रत्येकाला काहीतरी होतं. मागच्याच्या छातीत दुखत होतं."

"अहो, मी समितीचा अध्यक्ष आहे."

"मागचा मंत्र्यांचा मेहुणा होता."

कुणीतरी तोंडाने घंटा वाजवली. सुट्टीवरचे दोन जवान धावत आले, खडूच्या बंबात बसले आणि हवेतलं चाक गरागरा फिरवू लागले. एकमतराव घड्याळ बघून म्हणाले, "वा, काय तत्परता."

"साहेब, खरंच पेटलंय," बाई ओरडल्या.

"छान करताय. पण बाई, तुम्ही आज निरीक्षक आहात. ओरडायचं काम नागरिकांकडे दिलंय, आणि तेही सर्वानुमते."

बाईंनी भिंतीवरचं आग विझवायचं लाल नळकांडं ओढलं. ते पिसासारखं हातात आलं. पुठ्ठा, दुसरं काय? तेवढ्यात ज्वाळा ओट्यावरून झोपायच्या खोलीत शिरल्या, आणि मग मात्र सगळ्यांनी एकाच वेळी भूमिका सोडल्या. अध्यक्ष कोठडीची भिंत फोडून, तिची चौकट गळ्यात घालूनच बाहेर पळाले. बाईंनी जुन्या केंद्राला फोन लावला.

देवाची कृपा, कुणाला ओरखडाही आला नाही. यजमान बंब घेऊन असे आले, की रस्त्यावरच्या लोकांना अंग चोरायलाही वेळ मिळाला नाही. आग विझली, गोदाम वाचलं. सुरक्षा भवनाचा मात्र काळा लगदा झाला.

काजळलेल्या तोंडाने अध्यक्ष यजमानांपाशी आले. "फार लवकर आलात हो. कुठून?"

"जुन्या केंद्रातून, साहेब."

"तिथे काही अडचण?"

बाई अध्यक्षांच्या मागून हातवारे करत होत्या. छताकडे बोट दाखवत होत्या, डोक्यावर हात आपटून घेत होत्या. पण यजमानांची नजर समोर. वरिष्ठांनी अडचण विचारली की काय म्हणायचं, हे त्यांच्या जिभेला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून पाठ होतं.

"काही अडचण नाही, साहेब."

अध्यक्ष समितीकडे वळले. "मग नवं कशाला हवंय? आणि हे यांचं नवं तर..." पुढे त्यांनी नुसतं त्या लगद्याकडे पाहिलं. सगळ्या समितीने मान हलवली. वर्षभरात पहिल्यांदाच मतदान न घेता एकमत झालं. एकमतरावांनीही सवयीने हात वर केला.

घरी बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. यजमान आनंदात आत आले. "अगं, निघताना अध्यक्षसाहेबांनी पाठ थोपटली. केंद्रासाठी काही हवं का विचारलं. मी म्हटलं, छत जरा वाकलंय. लगेच दोन लाकडी टेकू मंजूर केले बघ."

बाईंनी पदराने कपाळावरची काजळी पुसली.

"आणि ते कुठे लावायचे हे सगळ्यांनी मिळून ठरवा, म्हणाले. तू येशील ना?"