टाकीवरचा झेंडा

साळवेकाकांनी आजपर्यंत महाराष्ट्राचे अकरा झेंडे केले आहेत, आणि महाराष्ट्राला त्याचा पत्ता नाही. अकराच्या अकरा केडगावला आमच्याच कॉलनीतल्या त्यांच्या घरात, लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेले आहेत. राज्याला असा वेगळा झेंडा नसतो, हे मी त्यांना एकदा सांगून बघितलं. मी नगरच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क आहे, त्यामुळं काय काय नसतं याची मला चांगली माहिती असते. काका शांतपणे म्हणाले, "आज नसंल. उद्या एकदम मागितला तर? घाईघाईत भलतंच काहीतरी करून बसतील."

काका भिंगार कॅम्पात एका टेलरिंगच्या दुकानात पस्तीस वर्षं कामाला होते. पलटणींचे बिल्ले, खांद्यावरच्या फिती, निशाणं, असलं सगळं काम. दुसऱ्यांचे झेंडे शिवता शिवता कधीतरी त्यांना प्रत्येक झेंड्यात चुका दिसायला लागल्या, आणि रिटायर झाल्यावर तर दुसरा उद्योगच राहिला नाही. आमच्याकडं ते मॅच बघायला येतात. आम्ही स्कोअर बघतो, ते प्रेक्षकांच्या हातातले झेंडे बघतात. एकदा शेवटच्या ओव्हरला आमचा जीव टांगणीला लागलेला असताना ते म्हणाले, की त्या समोरच्यांच्या झेंड्यावर पक्षी आहे ना, तो दोन धुण्यांनंतर कोंबडी दिसणार. त्या नादात माझा शेवटचा बॉल बघायचा राहिला. तिरंग्याबद्दल मात्र त्यांच्या तोंडून कधी एक शब्द ऐकला नाही. तिथं बोलायचं नाही, उभं राहायचं, एवढंच ते म्हणतात.

त्यांचे नियम ठरलेले आहेत. झेंडा शंभर पावलांवरून ओळखू आला पाहिजे. दोन रंगांत भागत असेल तर तिसरा रंग ही लबाडी. आणि झेंड्यावर अक्षर नको म्हणजे नको, कारण वाऱ्यात कुणी वाचत नाही. कुणीही कसलीही कल्पना मांडली, की ते चष्मा कपाळावर सरकवून एकच विचारतात, "वाऱ्याला विचारलं का?" माझ्या मुलीच्या लग्नपत्रिकेचा नमुना दाखवला तेव्हाही त्यांनी हेच विचारलं होतं.

त्यांनी नगर शहराचाही झेंडा केलाय. पिवळ्या कापडावर मधोमध एक काळा गोल. मला वाटलं, करपलेली भाकरी. तो भुईकोट किल्ला निघाला. पुढं शहराचं नाव बदललं आणि आमच्या कचेरीतल्या पाट्या, शिक्के, फायलींची कव्हरं बदलता बदलता माझी दमछाक झाली. बोलताना आम्ही अजून नगरच म्हणतो, ते सोडा. अशा गडबडीत काका तो झेंडा पिशवीत घालून थेट माझ्या टेबलापाशी आले, उलगडून दाखवला आणि म्हणाले, "बघा, एक टाकासुदिक बदलावा लागला न्हाई." साहेब केबिनमधून बघत होते. मी काकांना ओळखत नसल्यासारखं केलं, आणि तरी ते मला चहा पाजून गेले.

प्रत्येक तालुक्याला एक, असेही झेंडे त्यांनी केले, आणि तिथं आमचं वाजलं. मी कर्जत तालुक्यातला. कर्जतला त्यांनी माळाच्या रंगाचं कापड घेतलं आणि त्यावर तिथल्या अभयारण्यातल्या काळविटाची दोन शिंगं काढली. मी म्हटलं, काका, आमची ओळख ज्वारीची, तिथं कणीसच पाहिजे. ते म्हणाले, लांबून कणीस म्हणजे बाटल्या घासायचा ब्रश दिसतो. मला हे इतकं लागलं, की दोन महिने मी त्यांच्याशी बोललो नाही. आता खरं सांगायचं तर आमचं रान मी वाट्यानं दिलंय, ज्वारी मी केडगावच्या दुकानातून आणतो आणि शेवटचं कणीस कधी हातात धरलं होतं ते मला आठवत नाही. पण अस्मिता म्हणून काही असतं की नाही!

हे सगळं गमतीवारी चाललं असतं. पण आमच्या कॉलनीला पंचवीस वर्षं झाली, रौप्यमहोत्सव करायचं ठरलं, आणि काका आयुष्यात पहिल्यांदा सोसायटीच्या सभेत उभे राहिले. कॉलनीला स्वतःचा झेंडा असावा, असं ते म्हणाले. तो पाण्याच्या टाकीवर लागावा. शिवून मी देतो. एवढं बोलताना त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. इतके झेंडे करून कपाटात ठेवणाऱ्या माणसाला एक, फक्त एक झेंडा वर गेलेला बघायचा होता, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं. मलाही कळलं. आणि मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. म्हणजे, कुणालाच नाही म्हणता येत नाही म्हणून मला सेक्रेटरी केलेलं आहे.

पुढच्या सभेत काकांनी नमुना आणला. मुरमाच्या रंगाचं कापड, त्यावर तीन पांढरे पट्टे येऊन एका निळ्या चौकोनाला मिळतात. आमच्या कॉलनीत तीन गल्ल्या आहेत आणि त्या पाण्याच्या टाकीपाशी एकत्र येतात, बस. इतकं सोपं होतं, की सगळ्यांना संशय आला. अध्यक्ष भापकरांनी विचारलं, पहिल्या गल्लीचा पट्टा जरा जाड नको का, पहिली घरं तिथंच झाली. दरेकर वहिनींना तुळस पाहिजे होती. कुणाला कमान, कुणाला गणेश मंडळाचं चिन्ह, कुणाला नुकताच बसवलेला सीसीटीव्ही. काका प्रत्येकाला वाऱ्याचं विचारत होते आणि वाऱ्याचं कुणी ऐकत नव्हतं.

मग ब्रीदवाक्य निघालं, आणि ते मीच काढलं, हे कबूल करायला हवं. मला संस्कृत येत नाही पण आवडतं. मी रात्रभर डोकं खाजवून 'वयं सर्वे समानाः' असं तयार करून आणलं होतं. अर्थ विचारल्यावर मी ऐटीत सांगितलं, आपण सगळे समान आहोत. त्यावर तिसऱ्या गल्लीतून कुणीतरी विचारलं, मग पाणी पहिल्या गल्लीला आधी का सुटतं? पुढचा पाऊण तास झेंडा बाजूला राहिला आणि व्हॉल्व्हवर चर्चा झाली. शेवटी सगळ्यांचं मन राखायचं म्हणून मी तोडगा काढला. सगळंच घेऊ. तुळस, कमान, कॅमेरा, ब्रीदवाक्य आणि काकांचे पट्टेही. तसा ठराव मी स्वतःच्या हातानं लिहिला.

एवढं सगळं शिवून कसं होणार? म्हणून झेंडा फ्लेक्सवर छापायचा ठरला. फ्लेक्स छापणारा पोरगा बिचारा वाढदिवस आणि दशक्रिया यांचे बोर्ड करणारा, त्यानं सवयीनं खाली 'शुभेच्छुक' लिहून आम्हा सगळ्या कमिटीचे फोटो टाकले. झेंड्यावर शुभेच्छुक! हे थांबवायची संधी मला होती, कारण प्रूफ माझ्याकडंच आलं होतं. मी त्यात एकच दुरुस्ती केली. माझा जुना फोटो काढून गॉगलवाला टाकायला सांगितला.

तो फ्लेक्स मी काकांना दाखवायला गेलो तेव्हा मनातून टरकलो होतो. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तो जमिनीवर पसरला, गुडघ्यांवर बसून कडेनं हात फिरवला आणि म्हणाले, दोरीच्या बाजूला फाटंल हा. मग मशीनची जाड सुई घालून त्यांनी त्याला दुहेरी पट्टी मारून दिली, वारा जायला अर्धगोल चिराही पाडून दिल्या. का, विचारलं तर म्हणाले, "कसाबी असला तरी कॉलनीचा हाय." त्यांचा स्वतःचा, कापडाचा, शिवून तयार होता. मशीनच्या बाजूला घडी घातलेला मला दिसला. तो दिसलाच नाही असं मी दाखवलं.

महोत्सवाच्या दिवशी टाकीला वेल्ड करून घेतलेल्या पाईपवर आमचा झेंडा चढला. फ्लेक्स कधी फडफडत नाही, हे पाहुण्यांसमोर आमच्या लक्षात आलं. आधी तो दरवाजासारखा उभा राहिला, मग आपटायला लागला, आणि एका झोतासरशी पाईपला असा गुंडाळून बसला, की बाहेर फक्त मी राहिलो, उलटा, गॉगल लावून. भाषण करता करता पाहुणे दोनदा वर बघून थांबले. संध्याकाळी तो उतरवला. सध्या भापकरांच्या मोटारसायकलवर असतो, पाऊस लागू नये म्हणून.

त्यानंतर काकांचा झेंडा लावायला काय हरकत होती? काहीच नाही. पण ठराव दुसऱ्याच झेंड्याचा झालेला. तो रद्द करायला सभा पाहिजे, सभेला माणसं पाहिजेत, आणि झालेली फजिती पुन्हा कुणाला काढायची नव्हती. मलाही नव्हती. काकांनी एकदाही विषय काढला नाही. मॅच बघायला येत राहिले, पण झेंड्यांवर बोलेनासे झाले, नुसता स्कोअर विचारायचे. मला ते फार वाईट वाटायचं, आणि वाईट वाटण्यापलीकडं मी काही केलं नाही.

दिवाळी आली तशी कॉलनी रिकामी व्हायला लागली. आमच्यातला प्रत्येक जण कुठून तरी येऊन इथं प्लॉट घेतलेला, त्यामुळं सणाला सगळे आपापल्या गावाला जातात. किल्ल्या काकांकडं ठेवायच्या, झाडांना ते पाणी घालतात. ते ख्रिस्ती आहेत, त्यांची दिवाळी नसते म्हणून ते थांबतात, असं आम्ही सोयीनं धरून चाललो होतो. नाताळलाही ते इथंच असतात हे कधी कुणाच्या डोक्यात आलं नाही. या वेळी किल्ली देताना मी सहज विचारलं, काका, तुम्ही कधी जात नाही का गावाला?

"आमचं गाव धरणात गेलं," ते म्हणाले. "राहुरीच्या वर. मी लहान हुतो. मग इकडं तिकडं, मग कॅम्पातल्या खोल्या, त्या बी सोडाव्या लागल्या. मंडळी होती तवर काय वाटलं न्हाई." माझी किल्ली त्यांनी दोऱ्यात ओवली. "आता हेच गाव. जावा तुमी, उशीर व्हईल."

कर्जतला मी भाऊबीज करून परतणार होतो. पण गावाकडं सालाबादप्रमाणं भावाशी बोअरच्या मोटारीवरून वाजलं आणि मी बायकोला तिच्या माहेरी सोडून पाडव्यालाच एसटीत बसलो. नगरला उतरून रिक्षा केली. केडगाव जवळ आलं, आणि पुणे रोडवरूनच टाकी दिसली. टाकीवर मुरमाच्या रंगाचा झेंडा होता. तीन पांढरे पट्टे, निळा चौकोन. वाऱ्यावर असा सुरेख, सैल हलत होता, की रिक्षावाल्यानंच विचारलं, हे कुठलं निशाण, साहेब?

मी टाकीपाशी पोचेपर्यंत सूर्य बुडायला आला होता आणि काका दोरी सोडून झेंडा उतरवत होते. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. मला बघून त्यांचा हात थांबला. चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला, आणि ते बघून माझीच मान खाली गेली.

"तुमी परवा येणार हुते," ते म्हणाले.

त्यांनी झेंडा खाली घेतला, जमिनीला लागू न देता खांद्यावर टाकला आणि घडी घालता घालता म्हणाले, "ठराव मोडला न्हाई बरं का मी. कॉलनीत कुणीच नव्हतं. मीच सभा घेतली. एकमतानं पास झालं."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. एवढ्या मोठ्या कॉलनीत चार दिवस एकट्यानं हा माणूस सकाळी झेंडा चढवत होता, संध्याकाळी उतरवत होता, आणि आम्ही आलो की तो पुन्हा कपाटात जाणार होता. काहीतरी बोलायचं म्हणून माझ्यातला हेडक्लार्क बोलला, "सूचक तुम्ही. अनुमोदक कोण?"

काकांनी घडी अर्धवट ठेवली. खरोखर विचार केला. "न्हाई मिळाला," म्हणाले.

"माझं नाव घाला," मी म्हटलं. "आणि चढवा परत."

"उतरवलेला त्याच दिवशी परत चढवत न्हाईत. सकाळी सहाला."

मी आठच्या आत कधी उठत नाही. दुसऱ्या दिवशी पावणेसहाला अंघोळ करून टाकीखाली उभा होतो. काकांनी झेंडा दोरीला बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली आणि दोरी माझ्या हातात दिली. कशी ओढायची ते सांगितलं, सावकाश, मध्ये थांबायचं नाही. मग ते चालायला लागले. कुठं निघाले ते मला कळेना. तिसऱ्या गल्लीच्या पार टोकाला जाऊन ते वळले आणि टाचा जुळवून उभे राहिले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. झेंडा त्यांनी इतके दिवस चढवला होता, पण चढताना लांबून बघितलाच नव्हता. दोरी धरायला दुसरं कुणी नव्हतं.

मी ओढत राहिलो. पाईपच्या टोकाला पोचल्यावर तो उलगडला आणि वाऱ्यानं हातात घेतला. मी दोरी बांधली आणि गल्लीच्या टोकाकडं बघून ओरडून विचारलं, दिसतंय का, काका?

चष्मा काढून ते बाहीनं डोळे पुसत होते, आणि पुसून झाल्यावरही पुन्हा पुसत होते.