मंगळावरची गाडी आणि जनाबाईंची कढई

"मी आज कढईजवळ जात नाही," असं म्हणून जनाबाईंनी सोफ्याच्या मधोमध बसकण मारली. "गाडी उतरल्याबिगर इथून हलत नाही."

टिमकी मोहल्ल्यातली अर्धी गल्ली जनाबाईंच्या हॉलमध्ये जमली होती. गल्लीतला सगळ्यात मोठा टीव्ही त्यांचाच, आणि ही गोष्ट त्या कोणाला विसरू देत नसत. मंगळावर एक बिनमाणसाची गाडी उतरायची होती. गाडी परदेशी, पण तिच्यातल्या चिपवर नात प्रणालीने इंटरनेटवरून सगळ्या गल्लीची नावं चढवली होती. तेव्हापासून गाडी टिमकीचीच झाली होती.

"माय, असं नको करू वं," मुलगा संजीव काकुळतीला आला. "चंद्रावर यान उतरलं तेव्हा तू आत सांबारवड्या तळून राहिली होती. त्याच्या आधीच्या खेपेले इथं बसली होती, तं संपर्क तुटला."

"म्हणजे मी तोडला? वायर कुरतडली का मी दातानं?"

"तसं नाही, काकू," शेजारचे रुपराव म्हणाले. ते एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर ठेवून उभे होते, कारण चंद्राच्या वेळी तसेच उभे होते. "मॅचमध्ये नाही का, विकेट पडेलोक कोणाले उठू देत नाही? तसंच हे. मले काय हौस आहे असं लटकाची?"

"माझं नाव तिथं उतरून राहिलं, नि मीच पाहायचं नाही?" जनाबाई म्हणाल्या. दुसरीत शाळा सुटलेल्या बाईला अंगठ्यावरून सहीवर यायलाच अर्धा जन्म लागला होता. तेच नाव आता थेट मंगळावर चाललं होतं.

पण सगळी गल्ली टकमक बघायला लागली. उद्या गाडी आपटली तर या बाया नळावर उभं राहू द्यायच्या नाहीत. जनाबाई उठल्या, टीव्हीचा आवाज स्वतः मोठा केला आणि पदर खोचून आत गेल्या.

कोथिंबिरीच्या वड्यांचा पहिला घाणा तेलात पडला आणि गॅस संपला.

"कढई थंडी होऊन राहिली!" संजीव ओरडला. एकच पळापळ झाली. रुपरावांचे दोन्ही पाय एकदाचे बाहेर पडले. सगळी मंडळी सिलिंडर आणायला समोरच्या भागीरथाबाईंच्या अंगणात धावली. चिपवर माझं नाव पहिल्या नंबरवर आहे ना, याची खात्री केल्याशिवाय ती बाई सिलिंडर देईना. संजीवचे सासरे ईश्वरदास यांनी संधी साधून मोरी गाठली.

हॉल रिकामा झाला. जनाबाई हळूच बाहेर आल्या आणि सोफ्यावर टेकल्या. टीव्हीवर एकसारख्या शर्टातली पोरं-पोरी श्वास रोखून बसली होती. त्यांच्याही घरी कोणाची तरी माय आत तळत बसली असेल, असं जनाबाईंना वाटलं. "सांभाळून उतर वं बाई," त्या गाडीला म्हणाल्या.

तेवढ्यात सिलिंडर आलं आणि गल्लीने त्यांना परत आत पिटाळलं. तेल तापलं, दुसरा घाणा पडला आणि बाहेर कल्ला झाला, "उतरली! उतरली!"

जनाबाई झारा घेऊनच धावल्या. टीव्हीवर मिठ्या मारणं चाललं होतं.

"झालं? मले हाक नाही मारली कोणी?"

"तुझ्याच वड्यांनं उतरली, माय!" संजीव म्हणाला.

"वड्यांनं नाही, बाबा," प्रणाली म्हणाली. "मंगळ इतका दूर आहे, का तिथली खबर इथं यायलेच दहा-बारा मिनिटं लागते. आपण आत्ता पाहिलं, पण गाडी कवाचीच उतरली होती. आपण सिलिंडर आणाले गेलो, तेव्हाच."

रुपरावांनी बोटांवर मिनिटं मोजली.

"तेव्हा तं कढई थंडी होती," रुपराव पुटपुटले.

"नि सोफ्यावर मी होती. एकटी," जनाबाई सावकाश म्हणाल्या. झाऱ्यावरून तेल फरशीवर ठिपकत होतं, पण त्यांना भान नव्हतं. माझं नाव उतरलं तेव्हा टीव्हीसमोर मीच होते, सगळ्या गल्लीत मी एकटी! त्यांनी एकेकाकडे बघून घेतलं. "पुढच्या गाडीच्या वेळी मी सोफ्यावर. बाकी सगळी गल्ली भागीरथाच्या अंगणात. नि व्याही मोरीत."

ईश्वरदास उठले आणि मोरीकडे निघाले.

"आता कुठं चालले गा तुम्ही?"

"काही नाही, विहीणबाई," ते अदबीने म्हणाले. "तिथून टीव्ही दिसते का, ते आजच पाहून ठेवतो."