पिवळा शर्ट, लाल पंजा

बसवेश अक्कोळे सरांना संस्थेचा आदर्श शिक्षक पुरस्कार मिळायचा होता त्या सकाळी, कार्यक्रमाला दीड तास उरला असताना, त्यांच्या नव्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर बटाट्याची भाजी सांडली. तो शर्ट घालून नाश्त्याला बसायची काही गरज नव्हती. पण आरशात तो इतका खुलून दिसला की सरांना काढवेना.

"चौकड्यांचा घाला की," पत्नी पवित्रा म्हणाली. "तुमच्याकडं कोण बघत बसलंय तिथं?"

सल्ला बरोबर होता. पण कसबा बावड्याच्या हायस्कूलात बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसानं एका डागापुढं हार मानायची? सर शर्ट घेऊन न्हाणीघरात शिरले आणि डागावर साबण खसाखसा घासला. पिवळा डाग लालभडक झाला.

हळद हा नैसर्गिक दर्शक आहे, साबणासारख्या आम्लारीत ती लाल होते, हे वाक्य सर दरवर्षी फळ्यावर लिहीत. वाक्य पाठ असणं आणि ते वेळेवर आठवणं यात केवढं अंतर असतं, हे त्यांना आज कळलं. आजवर पोरांचे कापलेले मार्क आठवून जरा वाईटही वाटलं.

तरी घाबरायचं कारण नव्हतं. आम्लारीवर उतारा आम्लाचा. त्यांनी लिंबू पिळलं. लाली गेली, पण रसाबरोबर हळद पसरून डाग तळहाताएवढा झाला. मग त्यांना वाटलं, आम्ल जास्त झालं, कापड खाईल. म्हणून त्यांनी खायचा सोडा टाकला. फस्सकन फेस आला, तो बघून सरांना फार बरं वाटलं. फेस बसला तेव्हा शर्ट खिशापासून खालपर्यंत लाल होता. ते पुन्हा लिंबाकडं वळले, या वेळी एकेक थेंब मोजत.

बाहेरून पवित्रानं विचारलं, आत चाललंय तरी काय?

"उदासिनीकरण," सर म्हणाले.

ते झालं की लिंबांची सालं मोरीत टाकू नका, एवढं सांगून ती निघून गेली.

अर्धा तास उरला. शर्ट पुढून पिवळा, मागून पांढरा. आता एकच मार्ग होता. सरांनी बादलीत तीन चमचे हळद कालवली आणि अख्खा शर्ट बुडवला. पिळून, ओलसरच इस्त्री फिरवून, तो घालून ते स्कूटरवरून शाहूपुरीतल्या सभागृहात पोचले. एका सहकाऱ्यानं घरी लग्न आहे का, असं विचारलं. सर म्हणाले, फॅशन आहे.

संस्थेचे अध्यक्ष अमरसिंह मोठ्या मनाचे आणि मोठ्या आवाजाचे गृहस्थ. चुना लावून तंबाखू मळायची त्यांची सवय जुनी, ती त्यांनी व्यासपीठाच्या पडद्यामागं नुकतीच भागवली होती. त्यांनी सरांच्या हातात प्रशस्तिपत्र दिलं आणि बावीस वर्षांच्या सेवेबद्दल पाठीवर सणसणीत थाप मारली. सर जागेवर जायला वळले. सरांच्या पाठीवर पाच बोटांचा लालजर्द पंजा उमटला होता.

अध्यक्षांचा चेहरा पडला. "म्या हळूच थोपटलं की," ते म्हणाले. माईक चालूच होता.

कोणी म्हणालं, डॉक्टरला बोलवा. तेवढ्यात स्वागतगीताला आणलेल्या पोरींतून दहावीची तेजस्वी उभी राहिली. घटक चाचणीत तिला वीसपैकी चार होते.

"रगत न्हाय ते," ती म्हणाली. "सरांचा शर्ट हळदीचा हाय, सायबांच्या हाताला चुना हाय. चुना आम्लारी, म्हणून लाल झालं. लिंबू पिळलं की जातंय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांनी हात मागं लपवला आणि जाहीर केलं की, अंगावरच्या कपड्याचा प्रयोग करून शिकवणारा असा शिक्षक जिल्ह्यात दुसरा नाही. हे मात्र सरांना सोसवेना. त्यांनी माईक घेतला आणि भाजी, साबण, लिंबू, सोडा, बादली सगळं खरं सांगून टाकलं. लोक हसून हसून वाकले. अध्यक्षांनी डोळे पुसले, चुन्याच्या हातानंच, आणि त्यांना मोरीकडं न्यावं लागलं.

सोमवारी पत्रक आलं. संस्थेच्या बाराही शाळांत अक्कोळे सरांनी दर शनिवारी हा प्रयोग करून दाखवावा, पहिला गगनबावड्याला. सर मुख्याध्यापकांकडं धावले. आपण तर सभेत सगळं कबूल केलं होतं, तो प्रयोग नव्हताच, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं.

"म्हाईत हाय की सगळ्यांस्नी," मुख्याध्यापक म्हणाले. "म्हणून तर बोलवल्यात. अध्यक्षांचा निरोप हाय, चुका त्याच क्रमानं करा. मधली एक बी गाळू नका."

सर वर्गात आले आणि पाठ टाचणाची वही काढून चुका क्रमवार लिहू लागले. नऊ भरल्या. एवढं नेटकं टाचण त्यांनी बावीस वर्षांत कधी काढलं नव्हतं.