चौदा सह्यांची स्कूटर

आमच्या कारखान्याची स्कूटर कुणी बनवली असं कुणीही विचारू दे, मी छाती फुगवून सांगतो, "मी!" मुख्य इंजिनियर त्रेन्तीसाहेबही हेच सांगत फिरतात. पण त्यांनी नुसतं डोकं चालवलं. कागदावर रेघा कुणी मारल्या? या नेल्लो बाल्दाच्चीने!

साल सेहेचाळीस. आमचा कारखाना विमानांचा. लढाई हरलो, विमानं बंद झाली, आणि घरी पाठवायच्या माणसांची यादी दर शनिवारी फाटकावर लागू लागली. मालक म्हणाले, "उडणं पुरे झालं! आता लोकांना बाजारात नेणारं काहीतरी बनवा. बाईला स्कर्टमध्ये आणि पाद्र्याला झग्यात बसता आलं पाहिजे. बुटाला तेलाचा थेंब लागता कामा नये!"

आम्ही पडलो विमानवाले! पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूच्या दांड्याने धरलं. इंजिन सीटखाली झाकून टाकलं. साखळी नाही, तेल नाही, आणि मधे पाय ठेवायला अशी ऐसपैस जागा, की टोपलीभर टोमॅटो सहज मावावेत.

आता ड्रॉइंगवर चौदा खात्यांच्या सह्या हव्यात, हा आमचा शिरस्ता. तेरा मिळवल्या. राहिलं चाकांचं खातं. विमानाला ब्रेक तेच लोक बसवायचे, म्हणून मी सवयीने लिहून ठेवलं होतं, "ब्रेक : चाकांचं खातं पाहील." आणि ते अख्खं खातं नाताळातच घरी गेलेलं! कागद अडला असता तर शनिवारी माझं नाव फाटकावर. मग काय, त्यांच्या जागी मीच सही ठोकली. सहीशिवाय त्या खात्याला आणखीही काही काम असतं, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही!

अंगणात चाचणी झाली. त्रेन्तीसाहेब वीस पावलं गेले, इंजिन बंद केलं, पाय टेकले. गाडी थांबली. सगळे म्हणाले, "वा!"

आमच्याकडे नवं यंत्र आशीर्वादाशिवाय रस्त्यावर येत नाही. म्हणून गाडी टेकडीवरच्या चर्चसमोर नेली. फादर एर्मेतेंनी पवित्र पाणी शिंपडलं आणि म्हणाले, "झग्यात बसता येतं म्हणता? बघूच!"

"फादर, आधी आमचा माणूस..." त्रेन्तीसाहेब पुटपुटले.

"का? माझ्या आशीर्वादावर भरवसा नाही?"

आणि फादर झगा सावरून गाडीवर बसलेसुद्धा! मालकांनी घड्याळ काढलं आणि माझ्या कानाशी म्हणाले, "झगा चाकात अडकला, की तू घरी."

फादर उताराला लागले. झगा निशाणासारखा फडफडत होता. अडकला नाही! मी म्हटलं, वाचलो!

खालच्या चौकात मधोमध कारंजं. फादरांनी त्याला एक फेरी मारली. मग दुसरी. तिसरी!

"खूष दिसतायत," मालक म्हणाले.

पाचव्या फेरीला फादरांनी हात वर करून जोरजोरात हलवला. चौकातल्या बायकांनी पटापट गुडघे टेकले. मालकांनी टोपी काढून छातीशी धरली. "काय गाडी आहे! चालवता चालवता आशीर्वाद देतायत!"

"मालक, ते बहुतेक थांबवा म्हणतायत," त्रेन्तीसाहेब म्हणाले.

"मग थांबवत का नाहीत?"

त्रेन्तीसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे.

फादरांनी जीव मुठीत धरला होता, आणि त्याच मुठीत ॲक्सिलरेटर! अकराव्या फेरीला पेट्रोल संपलं, म्हणून माणूस हाती लागला. वर आल्यावर त्यांनी एकच विचारलं, "ब्रेक कुठाय?"

ड्रॉइंग उलगडलं गेलं.

"रेघा नेल्लोच्या!" त्रेन्तीसाहेब घाईघाईने म्हणाले.

"आणि चाकांच्या खात्याची ही सही?"

"माझीच, मालक."

"म्हणजे चाकांचं खातं तू! ठीक. आठ दिवसांत ब्रेक बसव. याच उतारावर तूच चालवून दाखव. नाही थांबली, तर शनिवार आहेच!"

घरी येऊन बायकोला सांगितलं, "आर्जिया, मी खातेप्रमुख झालो!"

"अगंबाई! हाताखाली किती माणसं?"

"तसं... कुणी नाही."

सगळं ऐकल्यावर ती कपाळावर हात मारून म्हणाली, "अरे मेल्या, तुला सायकलसुद्धा धड येत नाही!"

आठ दिवस मी झोपलो नाही. नोकरीचा प्रश्न, उगाच कसर कशाला? गोदामात बॉम्बफेकी विमानाचे ब्रेक पडून होते. त्यातला सगळ्यात दांडगा निवडला आणि त्या चिमुकल्या पुढच्या चाकाला बसवला.

शनिवारी सगळं गाव लोटलं. मी बसलो, उताराला लागलो, चौक आला आणि होता नव्हता तो सगळा जोर लावून ब्रेक दाबला.

नोकरी वाचली, हे आर्जियाने मला दवाखान्यात सांगितलं. गाडी म्हणे ब्रेक दाबल्या क्षणी, जागच्या जागी थांबली. मालकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

थांबलो नव्हतो तो फक्त मी!